चॉकलेटची पुस्तकं कोकणात बसून वाचताना

प्रश्न थोडक्यात परत लिहिते म्हणजे बाकीच्यांना कळेल कशाबद्दल चाललंय. वेंगुर्ल्याकडचा मुलगा, वय २७, बाबांनी नारळी-पोफळीच्या वाडीत कधीकाळी लावलेली चाळीसेक कोकोची झाडं आहेत, फळं आजवर खारी आणि शेजारची पोरं खात आली, आता याला त्याचं चॉकलेट करायचंय. दोनदा करून बघितलं, गूळ आणि खोबरेल घालून, सेटच होत नाही. म्हणतो कोर्सला पैसे नाहीत, ताई एकच पुस्तक सांगा ज्यात इतिहास, बनवणं आणि ते टेस्टिंग का काय म्हणतात ते सगळं मिळेल. शेवटी खारींचं काय करू असंही विचारलंय.

वयाने बराच लहान आहेस म्हणून अरेतुरे करते, राग मानू नको.

असं एक पुस्तक नाही बघ. मी गुहागरकडे आमच्या आगरात गेली अकरा वर्षं हा उद्योग करतेय, कपाटात या विषयावरची चौदा पुस्तकं आहेत, त्यातल्या निम्म्यांना दर पावसाळ्यात बुरशी येते आणि गणपतीनंतर मी ती उन्हात घालते, पापडांच्या शेजारी. त्या बुरशीतच तुझं निम्मं उत्तर आहे. ही पुस्तकं लिहिणारे लोक थंड, कोरड्या गावांत राहतात. त्यांच्याकडे बिया आंबवून वाळवून पोत्यातून घरपोच येतात आणि खरं काम तिथून पुढे सुरू होतं. तुझ्याकडे बिया दारात लटकल्यात, पण हवा अशी की पोळपाट पण घाम फोडतो. त्यामुळे कुठलंही पुस्तक उघडलंस की पहिल्यांदा बघायचं, हे कुठल्या हवेत लिहिलंय.

आधी ते सेट न होण्याचं घेऊ, कारण तू दोनदा माल वाया घालवलायस आणि त्याचं कारण तुझ्या स्वयंपाकघरातच आहे.

आपल्या घरात तीन तेलं असतात, म्हणजे असायची. खोबरेल वर्षभर पातळ, डिसेंबरात पहाटे बाटलीत थिजलं की आई बाटली उन्हात ठेवायची, म्हणजे ते २४-२५ डिग्रीला विरघळतं. दुसरं मुठेल, कोकमाच्या बियांचं, जे फडताळात मे महिन्यातही दगडासारखं घट्ट असतं आणि टाचेच्या भेगांना लावायचं तर चुलीपाशी नेऊन वितळवावं लागतं, ते चाळीसच्या आसपास. आणि तिसरं आता तुझ्या घरात येतंय ते कोको बटर, कोकोच्या बियांतच वजनाच्या निम्म्याच्या आसपास असतं, नीट टेंपर झालं, म्हणजे ठरावीक तापमानांतून नेऊन थिजवलं, तर साधारण ३४ डिग्रीला विरघळतं. म्हणजे हातात घट्ट आणि जिभेवर पाणी, चॉकलेटची सगळी गंमत या एका आकड्यात आहे. तू त्यात खोबरेल ओतलंस. ही दोन तेलं एकमेकांच्या कणांना नीट रचू देत नाहीत, मिसळली की दोघांपेक्षा मऊ काहीतरी तयार होतं, मग तू फ्रीजमधे ठेव नाहीतर फ्रीजरमधे, बाहेर काढलं की पाचव्या मिनिटाला बोटाला लागणार. खोबरेल घालून मऊ सारण कर, ते छान होतं, पण वडी करायची तर नको.

मुठेलाचं मात्र उलट आहे. त्यातल्या स्निग्धांशाची रचना कोको बटरच्या इतकी जवळची की ते त्यात मुकाट मिसळतं आणि वर चॉकलेटला कडकपणा देतं. युरोपच्या २००० सालच्या चॉकलेटच्या नियमात कोको बटरशिवाय फक्त सहा वनस्पती तेलं ५ टक्क्यांपर्यंत घालायला परवानगी आहे, आणि त्या सहांत आपलं कोकम आहे, शिवाय आंब्याच्या कोयीचं तेल पण. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवलं, त्या म्हणाल्या म्हणजे आम्ही टाचांना चॉकलेट फासत होतो की काय. मी उन्हाळ्याच्या मालात १०० ग्रॅमला तीनेक ग्रॅम घालते आणि लेबलवर तसं लिहिते. जास्त घातलंस तर तोंडात मेणासारखं राहतं, मग शिव्या मला देऊ नको.

आता गूळ. गुळात पाणी असतं, आणि हवेतलं पाणी पण तो ओढून घेतो. वितळलेल्या चॉकलेटमधे चमचाभर पाणी गेलं तरी साखरेचे कण ओले होऊन एकमेकांना चिकटतात आणि सगळं पिठल्यासारखं घट्ट गोळा होतं. मी पण केलंय हे, तीन किलोचा गोळा, शेवटी दुधात उकळून प्यालो आठवडाभर. गूळच घालायचा असेल तर गूळपावडर, ती पण मंद ओव्हनमधे वाळवून, आणि एप्रिल-मेमधेच. जूननंतर विसर.

पाण्याची ही भानगड इतिहासाची पुस्तकं वाचली की जास्त नीट कळते. इतिहास म्हणजे वेळ घालवणं असं तुला वाटत असेल, मलाही वाटायचं. स्वित्झर्लंडमधे वेवे गावी डॅनियल पीटर नावाचा मूळचा मेणबत्त्या करणारा माणूस होता, तो कित्येक वर्षं चॉकलेटमधे दूध घालायला धडपडत होता आणि जमत नव्हतं, कारण दुधात पाणी आणि पाणी आलं की माल खराब. शेवटी १८७५ च्या सुमाराला आटवलेलं दूध घेऊन त्याचं जमलं. तुझी गुळाची आणि त्याची दुधाची अडचण एकच आहे. तसंच १८२८ मधे हॉलंडमधे व्हान हाउटेनचं पेटंट झालं, बियांतून तेल दाबून काढायच्या प्रेसचं, त्यामुळे एकीकडे कोको पावडर आणि दुसरीकडे सुटं कोको बटर मिळायला लागलं, मग ते जादा बटर परत घालून १८४७ मधे इंग्लंडच्या फ्राय कंपनीने खायची वडी काढली. त्याआधी हजारो वर्षं चॉकलेट हे पेय होतं. आणि १८७९ मधे बर्नच्या लिंटने घोटत राहायचं मशीन काढलं म्हणून आज ते जिभेला गुळगुळीत लागतं. हे चार टप्पे डोक्यात बसले की आपल्या खोलीत नक्की कुठल्या शतकात अडकलोय ते कळतं. मी पहिली दोन वर्षं १८४७ मधे होते, वडी होती पण खरखरीत.

यासाठी घ्यायचं पुस्तक म्हणजे सोफी आणि मायकल को यांचं 'द ट्रू हिस्टरी ऑफ चॉकलेट', १९९६ चं. सोफीबाईंनी सुरू केलं, त्या १९९४ मधे गेल्या आणि नवऱ्याने ते पुरं केलं, ते स्वतः माया संस्कृतीचे मोठे अभ्यासक होते. इंटरनेटवर सगळीकडे जे असतं ना, मेक्सिको जिंकणाऱ्या स्पॅनिश कोर्तेसने राजासाठी कोको आणला वगैरे, ते इथे नीट तपासून बाजूला ठेवलंय. कोको युरोपात पोचल्याची पक्की नोंद १५४४ ची आहे, ग्वाटेमालाकडची केक्ची माया मंडळी स्पेनच्या राजपुत्राच्या भेटीला गेली तेव्हा भेटवस्तूंत फेसाळतं चॉकलेट होतं. आणि कोलंबसाच्या माणसांनी १५०२ मधे एका होडीत या बिया पाहिल्या, होडीतल्या लोकांच्या हातून चार बिया सांडल्या तर डोळा पडल्यासारखे वेचायला वाकले, हे बघून यांना आश्चर्य वाटलं, यांना वाटलं बदाम आहेत. बिया तिकडे चलन होत्या.

त्यात मला सगळ्यात जवळचं काय वाटलं असेल तर भांडी. मेक्सिको-मध्य अमेरिकेतल्या बायका कोको दगडी पाट्यावर वाटायच्या, पाट्याखाली थोडा विस्तव ठेवून, म्हणजे तेल सुटावं. पाटा-वरवंटाच तो, फक्त पाय असलेला. फेस आणायला उंचावरून एका भांड्यातून दुसऱ्यात ओतायचं, आपल्याकडे चहा गार करतात तसं. स्पॅनिश लोक आल्यावर तळहातांत फिरवायची लाकडी रवी आली, हुबेहूब ताक घुसळतो तशी. आणि रंगाला शेंदरीच्या बिया, ज्याचं झाड तुझ्या वाडीच्या कुंपणाला पण असेल. काजू, अननस, पपई, मिरची, सगळी अमेरिकेकडूनच आपल्या किनाऱ्यावर उतरली आणि घरची झाली, काजूशिवाय आता आपल्या लग्नातली उसळ होत नाही, कोको तेवढा राहून गेला. आपल्या देशात त्याची लागवड व्यापारी पातळीवर १९६५ पासून, तीही मुख्य करून केरळ, कर्नाटक, मग आंध्र, तमिळनाडू. कर्नाटकात पुत्तूरला कॅम्पको या सुपारी-कोकोवाल्या शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थेचा चॉकलेटचा कारखाना १९८६ पासून आहे. तिथे पण कोको सुपारी-नारळाच्या सावलीतच वाढतो, म्हणजे तुझ्या बाबांनी केलं ते चुकीचं नव्हतं, फक्त घेणारं कोणी जवळ नव्हतं.

बनवण्यासाठी पुस्तक. सुरुवातीला एकच घेणार असशील तर सॅन फ्रान्सिस्कोच्या डँडेलियन कंपनीच्या लोकांनी लिहिलेलं 'मेकिंग चॉकलेट', २०१७ चं. कारण ते घरच्या ओव्हनपासून आणि हेअर ड्रायरपासून सुरू करतं, आणि त्यांची पद्धत बिया अधिक साखर एवढीच आहे, वरून बटर नाही, व्हॅनिला नाही, म्हणजे बियांत खोट असेल तर लपत नाही. शिकायला हेच चांगलं. भाजणं, फोलपटं काढणं, दळणं, टेंपर करणं, सगळं हात धरून सांगितलंय.

आता बघ त्या हेअर ड्रायरचं. भाजलेल्या बियांची साल पातळ असते, वजनाच्या १२-१५ टक्के, ती उडवायची म्हणून पुस्तकात ड्रायर, नळ्या, व्हॅक्यूम अशी मोठी रचना दाखवलीय. मी तीन दिवस ती जुळवत बसले, अंगणभर फोलपटं, केसांत फोलपटं, मांजर शिंकतंय. सासूबाई ओटीवरून बघत होत्या, उठल्या, सूप आणलं, बिया पाट्यावर वरवंट्याने हलक्या भरडल्या आणि पाखडायला लागल्या. तीनदा वर, एकदा आडवं, पुढे साल, मागे दाणे. वीस मिनिटांत दोन किलो. आजही पाच किलोपर्यंतचा माल सुपावरच होतो माझ्याकडे, फक्त त्या आता बसून सांगतात आणि पाखडते मी.

आणि मशीन. पुस्तकांत जिथे जिथे मेलँजर लिहिलंय तिथे घाबरू नको, तो आपला इडली-डोशाचा वेट ग्राइंडर आहे, कोईम्बतूरचा. खरंच. अमेरिकेत लोक घरी चॉकलेट करायला लागले ते याच दगडी ग्राइंडरमुळे, मग कोईम्बतूरच्याच कंपन्यांनी चॉकलेटसाठी वेगळी मॉडेलं काढली. पण घरातला डोशाचा सरळ वापरायला जाऊ नको, तो अर्धा तास चालायला केलेला असतो आणि आपल्याला दोन दिवस अखंड चालवायचाय. माझा पहिला अकराव्या तासाला जळला, वास असा की शेजारचे विचारायला आले काय पेटलं. चॉकलेटसाठीचाच घे, छोटा घे, आणि खोलीत ठेवताना झोपायच्या खोलीपासून लांब, तो आवाज ४८ तास डोक्यात राहतो. दळून कण २०-२५ मायक्रॉनच्या खाली गेले की जीभ त्यांना खर म्हणून ओळखत नाही. मायक्रोमीटर, म्हणजे एवढं बारीक मोजायचं यंत्र, नसेल तर चिमूट जिभेवर घेऊन टाळूला घास, खर लागली तर अजून सहा तास. लाईट गेली तर? आत घट्ट होतं, परत तसंच चालू केलंस तर पट्टा तुटेल. भांडं काढून ओव्हनमधे ५० डिग्रीला वितळव आणि मगच सुरू कर. हे कुठल्या पुस्तकात नाही मिळायचं, तिकडे लाईट जात नसावी.

टेंपरिंगसाठी मात्र त्या पुस्तकावर थांबू नको, स्टीफन बेकेट यांचं 'द सायन्स ऑफ चॉकलेट' बघ. हा माणूस नेस्लेच्या यॉर्कमधल्या संशोधनात होता, पुस्तक बारीक आहे, शेवटी शाळेतल्या मुलांनाही करता येतील असे प्रयोग दिलेत. बारावी सायन्स झाली असेल तर कळतं. कोको बटर सहा प्रकारे थिजतं, आपल्याला पाचवा हवा, त्यालाच चकाकी आणि तोडताना कट्‌ असा आवाज. डार्कसाठी ४५-५० पर्यंत वितळवायचं, हलवत हलवत २७-२८ ला आणायचं, परत ३१-३२ ला चढवायचं. आकडे सगळ्या पुस्तकांत जवळपास हेच, पण का ते बेकेटमधे कळतं आणि का कळल्याशिवाय आपल्या हवेत काही जमत नाही. मे महिन्यात माझ्या स्वयंपाकघरात दुपारी ३४ असतं. म्हणजे जे ३४ ला विरघळतं ते मी ३४ मधे थिजवायला बघत होते, सांग आता. मग एसी घेतला, दहा बाय दहाची खोली, २० डिग्री. पहिलं वर्ष आनंदात.

मग जुलै आला. वड्या फ्रीजमधे ठेवलेल्या, गिऱ्हाईक आलं, बाहेर काढल्या, त्यांच्यावर दव जमलं, संध्याकाळपर्यंत पांढरट खरखरीत डाग. मला वाटलं टेंपर चुकलं, पुन्हा सगळं वितळवून केलं, पुन्हा तेच. पांढरं दोन प्रकारचं असतं हे बेकेटमधे वाचून कळलं, एक तेलाचं एक साखरेचं. बोट टेकव, उबेने डाग नाहीसा झाला तर तेलाचा, म्हणजे टेंपर चुकलं किंवा माल उन्हात राहिला. खरखरीत लागून तसाच राहिला तर साखरेचा, म्हणजे पाणी बसलं. तेव्हापासून फ्रीज बंद, एसीच्या खोलीत आर्द्रता मोजायचं दोनशे-तीनशे रुपयांचं यंत्र भिंतीला, ५० च्या वर काटा गेला की त्या दिवशी साचे भरत नाही. पावसात कित्येक दिवस भरत नाही. माझं वर्ष गणपतीनंतर सुरू होतं आणि आगोटीच्या आधी संपतं असं धर, जूनमधे मी बिया वाळवायच्या भानगडीत असते.

इथे मी सगळ्यात जास्त बोलणार आहे, कारण तुझं खरं काम इथे आहे. आंबवणं. दुकानातल्या पोत्यातल्या बिया घेणाऱ्याला पुस्तकं पुरतात, तुला नाही. जी. ए. आर. वूड आणि आर. ए. लास यांचं 'कोको' नावाचं शेतीचं जाडजूड पुस्तक आहे, चौथी आवृत्ती १९८५ ची, जुनं मिळालं तर घे, नाहीतर लायब्ररीत बघ. आणि कर्नाटकात विट्टलला सीपीसीआरआय या नारळ-सुपारी-कोकोवरच्या सरकारी संशोधन संस्थेचं केंद्र आहे, त्यांच्या कोकोच्या लागवडीवरच्या पुस्तिका आपल्या जमिनीला जास्त लागू पडतात. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठात आणि रत्नागिरीला भाट्याच्या नारळ केंद्रात जाऊन ये, नारळातल्या मिश्रपिकांबद्दल तिथे प्रत्यक्ष बघायला मिळतं.

पुस्तकात लिहिलेलं असतं की पाच ते सात दिवस आंबवा, दर ४८ तासांनी उलथापालथ करा. माझा पहिला ढीग सहा किलो ओल्या बियांचा होता. केळीची पानं घातली, टोपलीत भरलं, गोणपाट झाकलं, सात दिवस. वाळवून फोडल्या तर आत जांभळ्या-करड्या, चावल्यावर कच्ची सुपारी खाल्ल्यासारखं तोंड आवळलं. मग मी वहीत तापमान लिहायला सुरुवात केली आणि कळलं की सहा किलोचा ढीग ३३ च्या वर गेलाच नाही. गर गोड असतो, त्यावर आधी यीस्ट येतं, दारूचा वास सुटतो, मग ढीग हलवला की हवा जाते आणि व्हिनेगर करणारे जीवाणू कामाला लागतात, त्यांच्यामुळे उष्णता चढते, ४५ ते ५० पर्यंत. त्या उष्णतेने आणि आंबटाने बीचा कोंब मरतो आणि आतला कडूपणा मोडायला लागतो, चॉकलेटच्या चवीची पूर्वतयारी तिथे होते. ढीग छोटा असेल तर उष्णता बाहेर निघून जाते. पुस्तकाने दिवस सांगितले होते, ढीग केवढा ते मी वाचलंच नव्हतं, मागच्या पानावर होतं.

म्हणून मी उष्णता कोंडायला थर्माकोलचा खोका शोधला आणि आमच्याकडे थर्माकोलचा खोका म्हणजे कशाचा, मासळीचा. धुतला, उन्हात चार दिवस ठेवला, लिंबू चोळलं. तापमान मस्त चढलं, ४७ ला गेलं, मी खूष. चॉकलेट झालं, नवऱ्याला दिलं, तो म्हणाला छान आहे, पण मागून बांगडा येतोय. खरंच येत होता! कोको बटर आजूबाजूचा वास ओढून घेतं, तेही वाचलेलं होतं आणि तरीही. त्या २४ वड्या आम्ही कोणालाच देऊ शकलो नाही. नंतर सुताराकडून फणसाच्या लाकडाच्या पेट्या करून घेतल्या, तळाला भोकं रस गळायला, आणि आजूबाजूच्या चार आगरांतली फळं एका दिवशी उतरवून एकत्र चाळीस-पन्नास किलो ओल्या बिया भरायला लागले. तुझी चाळीस झाडं एका वेळी एवढं देणार नाहीत, तेव्हा शेजाऱ्यांशी बोल. वाळल्यावर साधारण तिसरा हिस्सा उरतो हे त्यांना आधी सांग, नाहीतर वजनावरून भांडण.

वाळवताना एक चूक हमखास होते. आपल्याकडे एक बहर पावसाच्या तोंडावर येतो, आणि पाऊस आला की मोह होतो की खोबऱ्याच्या भट्टीवर नाहीतर चुलीच्या वर टांगू. धूर लागलेली बी म्हणजे संपलं, ती चव भाजून जात नाही, दळून जात नाही. पापुआ न्यू गिनीच्या कोकोची धुराची ख्याती अशीच झाली. पंखा लाव, प्लास्टिकच्या मांडवात जाळीवर पसर, पातळ पसर, दिवसातून पाच वेळा हात फिरव. ओल ७ टक्क्यांवर आली की मूठभर बिया आवळल्यावर कुरकुर वाजतात.

चवीच्या पुस्तकाबद्दल. मॅरिसेल प्रेसिया यांचं 'द न्यू टेस्ट ऑफ चॉकलेट', २००१ चं, फोटो सुंदर, आणि बाई मूळच्या क्यूबाच्या, वडलांकडचं घर कोको पिकवणारं, त्यामुळे झाडापासून जिभेपर्यंत त्यांना सगळं दिसतं. पण तू लिहिलंस ना की चव लिहायची पुस्तकं वाचून मला काहीच लागत नाही, रास्पबेरी कुठेय, तंबाखूचं पान कुठेय. अरे रास्पबेरी तू खाल्लीयस का कधी? मीही नव्हती खाल्ली. मी दोन वर्षं वहीत रास्पबेरी लिहीत होते कारण पुस्तकात तसं होतं, शुद्ध खोटं. मग एकदा मे महिन्यात भाची आली होती, आठवीतली, तिला डोळे मिटून तुकडा दिला, ती म्हणाली मामी हे आधी करवंद आणि मग जायफळ. झालं. तेव्हापासून माझ्या वहीत कच्चं करवंद, पिकलं करवंद, जांभूळ, आमसूल, काजूचं बोंडू, फणसाचं साठ, गुळाची काकवी, ओलं खोबरं भाजल्याचा वास, असं लिहिलं जातं. दोषांचे शब्द पण आपलेच, व्हिनेगर म्हणजे वाळवताना घाई झाली, गोणपाट म्हणजे बुरशी, आणि सुक्या मासळीचा, कुजकट मांसाचा वास म्हणजे पेटीत दोन दिवस जास्त राहिलं. तुकडा चावू नको, जिभेवर ठेव, विरघळू दे, आधी आंबट येतं, मग फळ, शेवटी कडू-तुरट, आणि मिनिटभराने काय उरतं ते लिही. जेवणानंतर लगेच नको, आणि सोलकढी पिऊन तर मुळीच नको.

कोर्सचं म्हणशील तर पहिली दोन वर्षं नको, तेवढ्या पैशात ग्राइंडर आणि दोन चांगले थर्मामीटर येतात. ग्रूएलिंग यांचं 'चॉकलेट्स अँड कन्फेक्शन्स' सगळे सुचवतील, उत्तम पाठ्यपुस्तक आहे, पण ते सारणं, बोनबॉन, टॉफी यांचं आहे, तुझं चॉकलेट अजून व्हायचंय, नंतर घे. अजून एक सांगते जे बनवायला उपयोगाचं नाही, लोवेल सॅट्रे यांचं 'चॉकलेट ऑन ट्रायल', २००५ चं. आफ्रिकेजवळच्या साओ तोमे बेटावर गुलामांसारख्या मजुरांनी पिकवलेला कोको कॅडबरी घेत होती, कंपनीला १९०१ पासून कुणकुण होती आणि खरेदी थांबली १९०९ मधे, त्यावर लिहिणाऱ्या वर्तमानपत्राला कॅडबरीने कोर्टात खेचलं, जिंकली, आणि ज्यूरीने भरपाई दिली एक फार्दिंग, म्हणजे पाव पेनी. आपल्याकडे फळं तोडायला आणि पाखडायला ज्या बायका येतात त्यांचा रोज ठरवताना मला ते पुस्तक आठवतं, म्हणून सांगितलं.

विकायला लागशील तेव्हा अन्न परवान्याची नोंदणी आधी कर, लहान उद्योगाला ती अवघड नाही.

आता खारी. आधी बघ कोण खातंय ते. फळाच्या देठाशी कुरतडलेलं असेल तर उंदीर, मधे भोक असेल तर खार. दोघांनाही पिकल्या गराचा वास ओढतो, म्हणून फळ रंग बदलायला लागलं की झाडावर ठेवायचंच नाही, दर दहा-बारा दिवसांनी एक फेरी मारून उतरवायचं, ओढायचं नाही, कोयत्याने देठ कापायचा, कारण त्याच जागी पुन्हा फूल येतं. उतरवलेली फळं सावलीत दोन-तीन दिवस थांबतात, तेवढ्यात शेजाऱ्यांची जमव. आणि खालच्या फांद्यांवरच्या मोठ्या फळांना भोकं पाडलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या बांध. पावसात काळी पडून सडणारी फळं दिसली तर ती खारीची नाहीत, सुपारीच्या कोळेरोगाचाच तो भाऊ, तीच बोर्डो फवारणी चालते, पण काळी फळं झाडाखाली टाकू नको, वाडीच्या बाहेर नेऊन पुर. पहिली पेटी वाळली की पन्नास बिया उभ्या कापून फळीवर ओळीने लाव, नीट आंबल्यात का ते आतल्या रंगावरून कळतं, आणि दिवसाच्या उजेडात फोटो टाक, ट्यूबलाईटखाली जांभळा आणि तपकिरी सारखाच दिसतो.